घरचा स्टेक सॉस केचपसारखाच का लागतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: केचप, वूस्टरशायर सॉस, व्हिनेगर, ब्राऊन शुगर आणि लसूण पावडर एकत्र करून पाच मिनिटं उकळलं, तर आंबट केचपची चव आली. आंबटपणा उडून जाईल म्हणून आणखी वीस मिनिटं उकळत ठेवलं, तर तो उलट वाढला. बाटलीतल्या सॉससारखी गडद, तोंडात रेंगाळणारी चव कशी आणायची, नेमका कोणता मसाला राहून गेला, आणि सॉस किती दिवस टिकेल?

मसाला कुठलाच राहून गेलेला नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या दहापैकी नऊ जणांना वाटतं की एखादी गुप्त पूड घातली की काम फत्ते. मी बरीच वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली, त्यातली निम्मी ग्रिलवर, आणि स्टेक सॉस इतक्या वेळा केलाय की त्याचे डाग माझ्या अर्ध्या ॲप्रनवर आहेत. तुमचं बिघडलंय ते तीन ठिकाणी. सॉसचं अंग, म्हणजे त्याला दाटपणा देणारा मूळ भाग, चुकीच्या वस्तूचं आहे, आंबटपणाचा हिशोब उलटा झालाय, आणि सॉस तुम्ही बहुतेक नुसता चमच्यावर चाखलाय. तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण माझ्या मते मेख तिथेच आहे.

त्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगते. ‘स्टेक सॉस’ म्हणताना लोकांच्या डोक्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. एक तव्यातला सॉस: मांस बाजूला काढून तव्याला चिकटलेल्या तपकिरी खरपुडीवर वाइन किंवा स्टॉक (हाडं उकळून काढलेलं पाणी) ओतायचा, खरवडायचं, आटवायचं, शेवटी थंड लोणी फिरवायचं. तो तिथल्या तिथे करून संपवायचा. दुसरा बाटलीतला तपकिरी, आंबटगोड, मसालेदार सॉस. तुम्ही दुसऱ्याबद्दल विचारताय असं धरून चालते. मांस कोणतं हेही महत्त्वाचं. रिबायसारख्या चरबीदार तुकड्याला हा सॉस मस्त जमतो, भरपूर भाजून थोडा कोरडा झालेल्या सरलॉइनलाही जमतो. फिले मात्र इतका नाजूक असतो की हा सॉस त्याला गिळून टाकतो. तिथे तव्यातलाच बरा. (‘चांगल्या स्टेकला सॉस लागतच नाही’ म्हणणारे भेटतील. त्यांना त्यांचा स्टेक सुखाने खाऊ द्या.)

आता सॉसच्या अंगाबद्दल. बाटलीच्या मागचं लेबल वाचायची सवय लावून घ्या, कुठल्याही पाककृतीपेक्षा ते जास्त शिकवतं. ए-वन सॉस इंग्लंडच्या चौथ्या जॉर्ज राजाचा आचारी हेंडरसन विल्यम ब्रँड याने 1824 च्या सुमारास केला असं सांगतात. अमेरिकेत मिळणाऱ्या ए-वनच्या लेबलवर टोमॅटो प्युरी आणि व्हिनेगरसोबत मनुकांची पेस्ट आणि संत्र्याचा लगदा दिसतो. एचपी सॉस हे नाव नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक गिब्सन गार्टन या किराणा व्यापाऱ्याने 1895 मध्ये नोंदवलं. त्यात खजूर, चिंच आणि मोलॅसिस (उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणारा दाट काळा पाक). वूस्टर शहरातल्या ली अँड पेरिन्सचा वूस्टरशायर सॉस 1837 पासून विकला जातोय. त्यात चिंच, मोलॅसिस आणि अँचोव्ही नावाचे छोटे खारवलेले मासे. तिन्हींच्या पोटात काय आहे बघा: सुकं फळ, नाहीतर चिंच, नाहीतर दोन्ही. टोमॅटो असलाच तर जोडीला.

केचपमध्ये टोमॅटोच मालक असतो. त्यावर कितीही मसाले टाका, खाली केचपच राहणार. शिवाय केचपमध्ये साखर, मीठ आणि व्हिनेगर आधीच ठरलेल्या प्रमाणात आहेत, म्हणजे तुमच्या हातात लगामच उरत नाही. म्हणून केचप सोडा, साधी घट्ट टोमॅटो पेस्ट घ्या, आणि सॉसचं अंग काळ्या मनुकांचं करा. मनुका शिजल्या की विरघळल्यासारख्या होतात आणि सॉसला दाटपणा देतात; त्यांचा गोडवाही साखरेसारखा जिभेच्या टोकावर टोचत नाही, मागे जाऊन बसतो. बाटलीतली जी ‘खोल’ चव तुम्ही शोधताय, तिचा मोठा हिस्सा या मनुकांचा आहे.

दुसरं, आंबटपणा. व्हिनेगर उकळताना नाकात झणका जातो, म्हणून आपल्याला वाटतं आंबटपणा उडून चाललाय. उडतो तो थोडासाच. व्हिनेगरचा आंबटपणा ज्या ॲसेटिक आम्लामुळे असतो ते 118 अंशाला उकळतं, पाणी 100 ला. वाफेबरोबर थोडं आम्ल जातं खरं, पण त्याच्यापेक्षा पाणी जास्त जातं. पातेल्यात उरतं ते आधीपेक्षा आंबट. तुम्ही वीस मिनिटं जास्त उकळून आंबटपणा घालवला नाहीत, आटवून गोळा केलात.

हे मीही ठेच लागूनच शिकले. सुरुवातीच्या काळात पाच लिटरचं पातेलं रात्रभर मंद आचेवर ठेवून घरी गेले होते, सकाळपर्यंत चव मऊ होईल या भरवशावर. सकाळी हातात दोन लिटर काळा लगदा होता आणि तो चाखून मुख्य शेफच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हापासून माझा नियम एकच: दाटपणा फळातून आणायचा, आटवून नाही. आणि आटवायचंच असेल तर व्हिनेगर पडण्याआधी.

आता कृती. साधारण 400 मिलिलिटरची एक बाटली होईल. 80 ग्रॅम काळ्या मनुका, 100 मिलिलिटर संत्र्याचा रस आणि 150 मिलिलिटर पाणी एकत्र गरम करा, उकळी आली की गॅस बंद करून झाकण ठेवा. पंधरा मिनिटांत मनुका टम्म फुगतात. त्याच संत्र्याची अर्धी साल बारीक किसून बाजूला ठेवा. फक्त वरची केशरी साल, खालचा पांढरा थर कडू असतो.

दुसऱ्या पातेल्यात चमचाभर तेलावर एक छोटा कांदा अगदी मंद आचेवर परता. गुलाबी नाही, तपकिरी व्हायला हवा. बारा ते पंधरा मिनिटं धरून चाला. तीन पाकळ्या लसूण ठेचून घाला, अर्ध्या मिनिटात 60 ग्रॅम टोमॅटो पेस्ट. इथे घाई करू नका. पेस्ट तळाशी पसरायची, चिकटू द्यायची, खरवडायची, पुन्हा पसरायची. तीन-चार मिनिटांत तिचा भडक लाल रंग उतरून विटेसारखा होतो, कच्चा वास जातो आणि कडेला तेल सुटायला लागतं. केचपची चव इथेच मरते. ही एक पायरी गाळलीत तर पुढचं सगळं बरोबर करूनही ‘टोमॅटो लागतोय’ अशीच तक्रार राहील.

पातेलं स्टेनलेस स्टीलचं किंवा एनॅमलचं घ्या. ॲल्युमिनियम आणि बिनलेपाचं लोखंड इतक्या आंबट वस्तूला नको, धातूची चव उतरते.

मग भिजलेल्या मनुका त्यांच्या पाण्यासकट आत. एक मोठा चमचा चिंचेचा घट्ट कोळ, 25 ग्रॅम ब्राऊन शुगर, एक मोठा चमचा मोलॅसिस, एक लहान चमचा मीठ, अर्धा लहान चमचा मिरपूड, दोन लवंगा कुटून, पाव चमचा ऑलस्पाइस (लवंग-दालचिनीसारख्या वासाच्या एका सुक्या फळाची पूड), पाव चमचा सुंठ आणि चिमूटभर लाल तिखट. लवंग मोजूनच, तिसरी पडली की सॉसला दातांच्या दवाखान्याचा वास येतो. मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजू द्या. कडेने बुडबुडे यावेत, खळाखळा उकळू नये.

यानंतर व्हिनेगर. 120 मिलिलिटर माल्ट व्हिनेगर, लेबलवर पाच टक्के आम्लता असलेलं, आणि दोन मोठे चमचे वूस्टरशायर सॉस. उकळी आल्यावर फक्त पाच मिनिटं. पांढरं व्हिनेगर चालतं, पण त्याला नुसता आंबटपणा असतो, वास काहीच नाही. माल्टमध्ये धान्याचा भाजकट सूर असतो आणि या सॉसला तोच शोभतो. ॲपल सायडर व्हिनेगर मधे कुठेतरी. बाल्सॅमिकच वापरायचं असेल तर ब्राऊन शुगर निम्मी करा, ते मुळातच गोड असतं.

किसलेली संत्र्याची साल आता घाला, मिश्रण थोडं निवू द्या आणि मिक्सरमधून अगदी गुळगुळीत फिरवा. उकळतं मिश्रण बंद झाकणाच्या मिक्सरमध्ये घालू नका. वाफेने झाकण उडतं आणि स्वयंपाकघराची भिंत तपकिरी होते. मग बारीक जाळीच्या गाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबत गाळा. कंटाळवाणं काम आहे. पण मनुकांची सालं आणि कांद्याचे तंतू राहिले की घरगुती चटणी होते, गाळले की सॉस होतो. गाळलेला सॉस परत पातेल्यात, एक उकळी. चमच्याच्या पाठीवर थर बसावा आणि बोटाने रेघ ओढली तर ती तशीच राहावी, तिथे थांबा. निवल्यावर आणखी दाट होतो, म्हणून गरम असताना थोडा पातळच बरा. जास्तच पातळ राहिला तर आटवत बसू नका, आणखी मूठभर मनुका भिजवून वाटून मिसळा. कॉर्नफ्लोअर लावायचंच असेल तर अगदी शेवटी; आंबट मिश्रणात ते फार वेळ शिजवलं की त्याची पकड सुटते.

मोहरी मुद्दाम राखून ठेवली, कारण ती जवळजवळ सगळेच चुकीच्या वेळी घालतात. मोहरीच्या पुडीत तिखटपणा तयार नसतो. पूड गार पाण्यात कालवली की तिच्यातलं एक एन्झाइम काम करतं आणि मग तो नाकात जाणारा झणका निर्माण होतो. कोरडी पूड थेट गरम व्हिनेगरमध्ये टाकली तर एन्झाइम जागच्या जागी मरतं आणि हाती लागतो नुसता कडवटपणा. म्हणून एक लहान चमचा पूड दोन चमचे गार पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा, आणि गॅस बंद केल्यावर, सॉस कोमट झाला की मिसळा. हा झणका काही दिवसांत मंदावतो, त्यात तुमची चूक काही नाही.

आता चाखण्याबद्दल. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये ग्लुटामेट नावाचा पदार्थ वेगळा काढला आणि त्याच्या मांसल, रेंगाळणाऱ्या चवीला उमामी म्हटलं. टोमॅटो पेस्टमध्ये ग्लुटामेट भरपूर. मांसात इनोसिनेट नावाचा दुसरा पदार्थ असतो. ही दोन्ही एकत्र आली की चव नुसती बेरीज होत नाही, कित्येक पटींनी उठते. सॉस चमच्यावर चाखता तेव्हा जोडीतला एकच गडी मैदानात असतो. वूस्टरशायरमधल्या अँचोव्हीमुळे दुसऱ्याची थोडी हजेरी लागते, पण खरी जोडी जमते ती मांसासोबतच.

चरबीचंही तसंच. जिभेवर चरबीचा थर आला की आंबटपणा आणि मीठ दोन्ही बोथट वाटतात. चमच्यावर अगदी बेताचा वाटणारा सॉस स्टेकवर मिळमिळीत होतो. चमच्यावर किंचित अंगावर येणारा सॉस स्टेकवर बरोबर बसतो. किंचित, हं. तुमचा आटवलेला सॉस किंचितच्या पुष्कळ पुढे गेला असणार. ग्रिलवर माझ्या शेजारी भाजलेल्या मांसाच्या कडांचे तुकडे एका वाटीत असायचे, चाखायचं ते त्याच्यासोबतच. घरी स्टेकचा तुकडा हाताशी नसेल तर ब्रेडवर लोणी लावून त्यावर थेंबभर घ्या. चरबीचा अंदाज तरी येतो.

आणि गरम सॉस चाखून निर्णय घेऊ नका. गरम असताना गोडी जास्त जाणवते, सॉस आपण वाढतो मात्र गार किंवा कोमट. बशीत थेंब टाका, गार होऊ द्या, मग ठरवा. तेव्हाही आंबट वाटला तर आधी चिमूटभर मीठ घालून बघा, साखरेकडे नंतर वळा. चव सपाट वाटली तर बहुतेक वेळा मीठच कमी असतं. नुसताच गोड आणि जड वाटला तर व्हिनेगरपेक्षा चिंच किंवा संत्र्याचा रस घाला, आंबटपणा गोलसर राहतो.

लगेच बाटली उघडून स्टेकवर ओतायची घाईही नको. पहिल्या दिवशी लवंग वेगळी लागते, व्हिनेगर वेगळं, लसूण वेगळा. सगळे आपापल्या खोलीतून बोलत असतात. फ्रीजमध्ये तीन दिवस मुरू द्या. ली अँड पेरिन्सबद्दल एक कथा सांगतात की पहिला सॉस इतका वाईट झाला की तळघरात टाकून दिला, आणि बऱ्याच काळाने उघडला तर झकास लागला. कथा कंपनीचीच आहे, तेव्हा पूर्ण विश्वास ठेवू नका, पण या जातीचा सॉस मुरल्यावर सुधारतो हे माझ्या प्रत्येक बाटलीत दिसलंय.

टिकण्याबद्दल. बॉट्युलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा करणारे जिवाणू पीएच 4.6 च्या खाली वाढत नाहीत (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट), आणि वरच्या प्रमाणात व्हिनेगर घातलेला सॉस त्याच्या बराच खाली असतो. म्हणून चवीसाठी दुसरं काहीही कमी-जास्त करा, व्हिनेगर निम्म्यावर आणून सॉस महिनाभर ठेवायचा विचार करू नका. बुरशी आणि यीस्ट मात्र आंबटाला घाबरत नाहीत. उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी केलेली काचेची बाटली घ्या, मोहरी मिसळून झाली की कोमट सॉसच भरा, निवल्यावर लगेच फ्रीजमध्ये, चार अंशांच्या आसपास. मी महिनाभरात संपवते. बाटलीत चमचा बुडवायचा नाही, ओतून घ्यायचं. झाकण उघडताना फुस्स झालं, किंवा बुडबुडे दिसले, तर चाखून खात्री करायच्या भानगडीत न पडता टाकून द्या. बाहेर फळीवर ठेवण्यासारखा हा सॉस नाही. कारखान्याची बाटली टिकते कारण तिथे पीएच प्रत्येक वेळी मोजला जातो. घरी मोजायचा असेल तर कागदी पट्टी निरुपयोगी, सॉसच्या रंगात तीच तपकिरी होते. छोटा मीटर लागतो. महिन्यापेक्षा जास्त हवा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, चव फारशी बदलत नाही.

वूस्टरशायरमधले मासे चालत नसतील तर त्याऐवजी दीड मोठा चमचा सोया सॉस आणि थोडी जास्त चिंच घ्या, आणि वरचं मीठ निम्मं करा. हाच सॉस मशरूमच्या जाड भाजलेल्या कापांवर मग सुरेख लागतो.

एकच पथ्य: हा सॉस भाजण्याआधी मांसाला चोळू नका. यात साखर आहे आणि मनुका आहेत, तापल्या तव्यावर मांसाला रंग यायच्या आत सॉस करपतो. लावायचाच असेल तर शेवटच्या मिनिटाला, पातळ हात.

तुमची बिघडलेली बाटली फेकली नसेल तर ती वाचेल. 60 ग्रॅम मनुका 100 मिलिलिटर पाण्यात शिजवून, वाटून, गाळून घ्या. अर्धा कांदा तपकिरी परता. दोन्ही तुमच्या सॉसमध्ये घाला आणि नुसती एक उकळी काढा. साखर घालू नका, केचपची आहेच. तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवा आणि मग चाखा, पण या वेळी मांसाच्या तुकड्यासोबत.